साखरेचं झाड, गच्चीवरचा बैल आणि एक जबरदस्त हिशेबनीस

सरकारी नोकरी, दरबारात वट, संध्याकाळी मैफल आणि मद्य. अकराव्या शतकात मर्व शहरात नासिर खुसरोचं सगळं छान चाललं होतं. सेल्जूक राजवटीच्या महसूल खात्यात तो वरच्या हुद्द्यावर होता. त्याआधी गझनीच्या महमूद आणि मसूद या सुलतानांचे दरबारही त्यानं पाहिले होते. मग चाळिशी ओलांडल्यावर एके दिवशी त्यानं नोकरी सोडली, घर सोडलं आणि पुढची सात वर्षं तो चालत राहिला. परत आला तेव्हा त्याच्या वहीत आकडा होता २,२२० फरसंग. फरसंग म्हणजे साधारण सहा किलोमीटर. म्हणजे झाले तेरा हजार किलोमीटर, आणि आडवाटा त्यानं यात धरलेल्याच नाहीत.

फारसी साहित्यात त्याचं नाव पहिल्या रांगेत आहे. इस्माइली पंथाचा तत्त्वज्ञ, धर्मप्रचारक, हजारो ओळींचा धनी असलेला कवी अशी त्याची ओळख. मला मात्र तो आवडतो हिशेबनीस म्हणून. नोकरी सुटली, पण मोजायची सवय सुटली नाही. दुकानं मोजली, भाडी विचारली, भिंती मापल्या, उंट मोजले. जे पाहिलं ते ‘पाहिलं’ म्हणून लिहिलं आणि जे ऐकलं ते ‘ऐकलं’ म्हणून. हजार वर्षांनंतर त्याचा ‘सफरनामा’ ताज्या बातमीसारखा वाचला जातो, तो या सवयीमुळे.

स्वप्नात मिळालेला राजीनामा

नासिरचा जन्म हिजरी ३९४चा, म्हणजे आपल्या १००४च्या सुमाराचा. गाव कुबादियान, आजच्या ताजिकिस्तानच्या दक्षिणेला. १०४५ साली कामानिमित्त तो जूझजानला गेला आणि तिथं महिनाभर सतत पीत राहिला. हे त्यानं स्वतःच, काहीही न लपवता लिहिलंय. एका रात्री स्वप्नात कुणीतरी त्याला हटकलं, की अक्कल घालवणारी ही गोष्ट कुठवर पिणार? नासिरनं तिथंही वाद घातला. दुःख हलकं करायला शहाण्यांना याहून बरं काही सापडलेलं नाही, असं त्याचं म्हणणं. समोरचाही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. शुद्ध हरपणं म्हणजे सुख नव्हे, शहाणपण वाढेल असं काही शोध, असं त्यानं सुनावलं. ते कुठं मिळेल, असं विचारल्यावर त्यानं मक्केच्या दिशेला बोट दाखवलं.

मार्च १०४६मध्ये नासिर निघाला. बरोबर धाकटा भाऊ आणि एक हिंदुस्थानी पोरगा, गुलाम म्हणून. या पोराचा उल्लेख वाचला की मी दर वेळी थांबतो. कुठल्या गावचा, कसा विकला गेला, पुढे त्याचं काय झालं? प्रत्येक गावातल्या विहिरींची नोंद करणाऱ्या माणसानं आपल्याच सोबत्याचं नाव मात्र लिहिलं नाही. ही चुटपुट पुस्तक मिटल्यावरही राहते.

खर्झवीलचा वाणी

सुरुवातीचा प्रवास इराणातून, आणि तिथले किस्से भन्नाट आहेत. सिमनानमध्ये एक उस्ताद भेटले. भोवती शिष्यांचा घोळका, कुणी युक्लिडची भूमिती वाचतंय, कुणी वैद्यक, कुणी गणित. बोलता बोलता उस्ताद सारखे सांगत होते, ‘मी हे अबू अली सीनांकडे शिकलो’. अबू अली सीना म्हणजे इब्न सीना, त्या काळातलं सगळ्यात मोठं नाव. थोड्या वेळानं तेच उस्ताद नासिरला हळूच म्हणाले, मला हिशेबातलं काही येत नाही, थोडं शिकावं म्हणतो. नासिर चकित होऊन बाहेर पडला. ज्याला स्वतःलाच येत नाही तो इतरांना काय शिकवत असेल?

कझवीनच्या पुढे खर्झवील नावाचं खेडं लागलं. शिधा संपला होता. भाऊ वाण्याकडे गेला. वाण्यानं विचारलं, काय हवंय? भाऊ म्हणाला, जे असेल ते चालेल, आम्ही वाटसरू. वाणी म्हणाला, माझ्याकडे काहीच नाही. त्यानंतर वाटेत कुठेही कुणी ‘नाही’ म्हणालं, की ही मंडळी एकमेकांना म्हणत, हाही खर्झवीलचा वाणीच! आपल्या आळीतल्या कुठल्या दुकानाला हे नाव द्यायचं, ते वाचकांनी ठरवावं.

तबरीझला कवी कत्रान भेटला. नासिरच्या मते कविता चांगली करायचा, पण फारसी कच्ची. जुन्या कवींचे दोन दिवाण घेऊन तो नासिरकडे आला, अडलेल्या ओळींचे अर्थ विचारले आणि स्वतःच्या कविता वाचून दाखवल्या. त्याच तबरीझमध्ये चार वर्षांपूर्वी भूकंपात चाळीस हजार माणसं गेली होती. नासिरनं तीही संख्या टिपली.

पुढे सीरियात मअर्रा गाव लागलं. तिथं अबुल अला अल-मअर्री हा अंध कवी राहायचा. घरी संपत्ती भरपूर, सगळं गाव त्याच्या शब्दात. पण स्वतः जाडंभरडं नेसायचा आणि जवाच्या भाकरीवर राहायचा. दूरदूरहून दोनशेवर माणसं त्याच्याकडे शिकायला येत. मांसाला न शिवणारा हा कवी आणि तर्काला देव मानणारा नासिर, दोघं एकाच काळात होऊन गेले. त्रिपोलीत नासिरला समरकंदच्या तोडीचा किंबहुना सरस कागद दिसला. दफ्तरातल्या माणसाची नजर कागदावर जाणारच.

जेरुसलेमला पोचला तेव्हा घर सोडून बरोबर एक सौर वर्ष झालं होतं. हेही त्यानं लिहून ठेवलं. हरम शरीफचं मोठं आवार पाहून त्याच्या मनात आलं, की हे मापावं. पण आधी सगळं डोळे भरून बघून घेऊ, असं ठरवून तो हिंडत राहिला. हिंडता हिंडता एका कमानीवर कोरलेला लेख सापडला, त्यात लांबी ७०४ गज आणि रुंदी ४५५ गज दिलेली होती. नासिरचं काम झालं. याच शहरात त्यानं धर्मादाय रुग्णालय पाहिलं. रोग्यांना औषध फुकट आणि वैद्यांना पगार वक्फच्या उत्पन्नातून.

काहिरा! काहिरा!

ऑगस्ट १०४७मध्ये नासिर काहिरात शिरला आणि त्याची वही अक्षरशः धावायला लागली.

इथं थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. शिया मुसलमानांमध्ये सहावे इमाम जाफर अस-सादिक यांच्यानंतर वारसा कुणाकडे जातो यावरून मतभेद झाले. त्यांचे पुत्र इस्माइल यांची परंपरा मानणारे ते इस्माइली. कुराणाच्या शब्दाला एक बाहेरचा अर्थ असतो आणि एक आतला, आणि आतला अर्थ इमामाकडून शिकावा लागतो, हा त्यांच्या विचाराचा गाभा. याच परंपरेतल्या फातिमी घराण्यानं काहिरा वसवलं आणि तिथून इजिप्तवर राज्य केलं. नासिर पोचला तेव्हा गादीवर खलिफा अल-मुस्तनसिर होता, नासिर ज्याला सुलतान म्हणतो, अवघा अठरा वर्षांचा. त्याची कारकीर्द एकूण तब्बल अठ्ठावन्न वर्षं चालली.

नासिरच्या हिशेबानं काहिरात वीस हजारांवर दुकानं होती आणि सगळीच्या सगळी सुलतानाच्या मालकीची. भाडं महिन्याला दोन दिनारांपासून दहापर्यंत. शेजारच्या जुन्या शहरात, फुस्तातमध्ये, इमारती सात मजली, काही चौदा मजली. लांबून पाहिलं तर डोंगर वाटावा. काही बाजारगल्ल्यांत ऊन पोचायचंच नाही, म्हणून तिथं दिवसाढवळ्या दिवे लावलेले असत. काही विश्वासू लोकांनी त्याला सांगितलं, की एकानं सात मजली घराच्या गच्चीवर बाग केलीय. वासरू लहान असताना वर नेलं, ते तिथंच मोठं झालं, बैल झालं. तोच बैल गच्चीवर रहाट ओढतो, विहिरीचं पाणी वर येतं आणि त्यावर संत्री, केळी, फुलं पिकतात. तो बैल खाली कसा येणार, हा प्रश्न मला वाचल्यापासून सतावतोय.

बाजाराची शिस्त तर पाहत राहावी अशी. सराफ आणि जवाहिरे दुकान बंद करताना कुलूप लावायचे नाहीत, नुसती जाळी ओढून घ्यायचे. वाणी, अत्तरवाले, किरकोळ विक्रेते गिऱ्हाइकाला माल बांधून द्यायचे आणि त्यासाठी लागणारं काचेचं, मातीचं भांडं किंवा कागद दुकानदाराचाच. घरून पिशवी न्यायची गरज नाही. एखादा व्यापारी खोटं बोलताना पकडला गेला तर त्याला उंटावर बसवायचे, हातात घंटा द्यायचे आणि शहरभर फिरवायचे. ‘मी खोटं बोललो, त्याची शिक्षा भोगतोय’ असं त्यानं स्वतःच ओरडायचं. कुंभार इतकी पातळ भांडी करायचे, की बाहेरून हात लावला तर आतून दिसावा.

वाहतूक? घोड्यावर फक्त शिपाई. बाकी सगळे, अगदी बडे व्यापारीसुद्धा, भाड्याच्या गाढवांवर. जीन घातलेली अशी पन्नास हजार गाढवं रोज नाक्यानाक्यावर उभी असतात, असं तो लिहितो. पाणी वाहणारे उंट बावन्न हजार. आकडे थोडे फुगलेले असतीलही, ऐकीव संख्या त्या काळी अशाच फिरत. पण अख्ख्या शहराच्या तहानेचा हिशेब मांडावा, हे सुचायला हिशेबनीसच हवा.

आता माझा सगळ्यात आवडता उतारा. १०४८च्या डिसेंबरमधला एक दिवस. नासिर बाजारात उभा राहून यादी करतो. गुलाब, नर्गिस, कमळ, संत्री, लिंबं, सफरचंद, डाळिंब, खरबूज, केळी, ताजा खजूर, द्राक्षं, ऊस, वांगी, मुळे, कोबी, काकड्या, कांदे, लसूण, गाजरं… यादी संपता संपत नाही. मग एकदम त्याला जाणवतं, की वाचणारा विश्वास ठेवणार नाही. उन्हाळ्याची फळं, पावसाळ्याच्या भाज्या आणि वसंतातली फुलं एकाच दिवशी? तो लगेच खुलासा करतो, की यात माझा काही स्वार्थ नाही, पाहिलं तेच लिहिलंय. आणि कारणही देतो: इजिप्तचा मुलूख लांबरुंद, कुठे थंडी कुठे ऊन, सगळ्या बाजूंनी माल राजधानीत येतो. दावा केला की पुरावा दिला, असा हा माणूस.

नाईल वाढायला लागली की दवंडी पिटायची, आज देवानं नदी एवढी बोटं वाढवली. अठरा हात पाणी चढलं की आनंदीआनंद. तेवढं नाही चढलं तर दानधर्म, नवस, सगळीकडे चिंता. जुना महसूल अधिकारी यातली मेख बरोबर टिपतो: अठरा हात पाणी झाल्याशिवाय शेतसारा वसूल होत नाही. नदी भरली की कालव्याचा बांध फोडायचा सोहळा. हजारो घोडे सोन्याच्या साजात, पाठोपाठ उंट, पालख्या, वाद्यं. आणि या सगळ्याच्या मधोमध तरुण सुलतान मात्र खेचरावर, अंगात साधा पांढरा सदरा, खोगिराला सोन्याचांदीचा लवलेश नाही. तो बांधावर भाला फेकतो, मग माणसं कुदळी घेऊन तुटून पडतात. कालव्यात सोडलेली पहिली नाव बहिऱ्या-मुक्यांनी भरलेली, कारण तो शुभशकुन मानत. सुलतान त्यांना दक्षिणा देतो.

…आणि ते साखरेचं झाड

ईदच्या मेजवानीची आदल्या दिवशीची तयारी बघायला मिळावी म्हणून नासिरनं ओळखीच्या एका कारकुनाकडे वशिला लावला. म्हणाला, मी महमूद आणि मसूदचे दरबार पाहिलेत, आता इथला पाहू द्या. दारं उघडली. एकामागून एक दालनं, सोन्याचं सिंहासन, त्यावर शिकारीची चित्रं कोरलेली. त्या दिवशीच्या शाही दस्तरख्वानासाठी म्हणे पन्नास हजार मण साखर मंजूर झाली होती. (तिथला मण आपल्या मणापेक्षा बराच लहान, तरी आकडा डोळे विस्फारायला लावणाराच.) मेजवानीच्या मधोमध एक झाड उभं होतं, संत्र्याच्या झाडासारखं. फांद्या साखरेच्या, पानं साखरेची, फळं साखरेची आणि अंगाखांद्यावर साखरेच्याच हजार आकृत्या. मुदपाकखाना राजवाड्याबाहेर होता आणि तिथून आत यायला भुयारी वाट. पेयं गार ठेवायला रोज चौदा उंटांवर लादून बर्फ यायचा.

शहरातल्या श्रीमंतीचा आणखी एक नमुना. एका वर्षी नाईलला पाणी कमी आलं. वजिरानं एका ख्रिस्ती व्यापाऱ्याला बोलावून विचारलं, तुझ्या कोठारात धान्य किती? तो म्हणाला, शहराला सहा वर्षं भाकरी पुरवू शकेन इतकं. नासिरला याहून जास्त कौतुक वाटलं ते याचं, की इतकी संपत्ती असून तो माणूस बिनधास्त सांगू शकत होता, कुणी ती हिसकावणार नाही याची खात्री त्याला होती. तिन्नीस या बेटावर विणलं जाणारं, उन्हाप्रमाणे रंग बदलणारं कापड त्यानं पाहिलं आणि हेही ऐकलं, की रूमच्या (बायझंटाइन) बादशहानं त्या एका शहराच्या बदल्यात शंभर शहरं देऊ केली होती.

काहिरात तो तीन वर्षं राहिला. पण तिथं त्याच्यात जो खरा बदल झाला, त्याबद्दल सफरनामा जवळजवळ गप्प आहे. तो बदल सापडतो त्याच्या कवितेत. एका दीर्घ कसीद्यात त्यानं शोधाची सगळी कहाणी सांगितली आहे: किती पंडितांना प्रश्न विचारले, कुणी उत्तर न देता गप्प बसवलं, आणि शेवटी एक वैद्य भेटला ज्यानं रोग ओळखून औषध दिलं. हा वैद्य म्हणजे अल-मुअय्यद अश-शिराझी, फातिमी दावतचा, म्हणजे धर्मप्रचार संस्थेचा, मोठा विद्वान. नासिर इस्माइली झाला, शिकला आणि खुरासानचा ‘हुज्जत’, म्हणजे त्या प्रांताचा मुख्य धर्मप्रतिनिधी म्हणून परत निघाला. ‘हुज्जत’ हेच त्याचं कवितेतलं टोपणनाव झालं.

पैसे संपले, रंग उरले

परतीची वाट वाळवंटातून. आधी मक्का, आयुष्यात एकूण चार वेळा त्यानं हज केली. मग अरबस्तानच्या मध्यावरचं फलज गाव. तिथं नासिर आणि भाऊ चार महिने अडकले. जवळ होत्या फक्त पुस्तकांच्या दोन करंड्या आणि गावात पुस्तकाला कुणी विचारत नव्हतं. माणसं भुकेली, उघडीवाघडी, नमाजाला येतानाही ढाल-तलवार घेऊन येणारी. नासिरकडे थोडा शेंदरी आणि थोडा लाजवर्दी निळा रंग होता. बसल्या बसल्या त्यानं मशिदीच्या भिंतीवर एक बैत लिहिला, भोवती पानं-फांद्या रंगवल्या. गावानं असं कधी पाहिलंच नव्हतं. सगळे गोळा झाले. म्हणाले, आमचा मिहराब असा रंगवून दिलास तर शंभर मण खजूर देऊ.

शंभर मण खजूर त्या गावात केवढी मोठी गोष्ट, तेही त्यानं सांगून टाकलंय. तो तिथं असतानाच एक टोळी पाचशे मण खजूर मागायला आली. गावानं नाही म्हटलं, लढाई झाली, दहा माणसं मारली गेली, हजार झाडं तोडली गेली, तरी गावानं दहा मणसुद्धा दिले नाहीत. अशा गावानं चित्रकाराला शंभर मण दिले!

तो निळा रंग लक्षात ठेवा. लाजवर्द त्या काळी जगभर जायचा तो मुख्यतः बदख्शानच्या डोंगरातल्या खाणींतून. आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांतला निळाही लाजवर्दाचाच, दूरून मागवलेला. आणि ज्या कोकचा नदीच्या खोऱ्यात त्या खाणी आहेत, त्याच खोऱ्यात नासिर आयुष्याची शेवटची वर्षं काढणार होता.

वाटेत लाहसा लागलं, करमती पंथाचं राज्य. प्रजेकडून कर नाही. कर्ज बिनव्याजी. परका कारागीर आला तर त्याला भांडवल. दळणाच्या गिरण्या सरकारी, दळण फुकट. संस्थापकाच्या थडग्याच्या दाराशी एक घोडा जीन चढवून सतत तयार उभा, कारण तो परत येणार अशी श्रद्धा. बाजारात मांजर, कुत्रा, गाढव सगळ्यांचं मांस मिळतं, आणि कुठल्या जनावराचं ते कळावं म्हणून डोकं आणि कातडं शेजारी ठेवलेलं. वाचताना आदर्श राज्य वाटायला लागतं, तेवढ्यात पुढची ओळ येते: शेतावर राबायला तीस हजार विकत घेतलेले आफ्रिकी गुलाम होते. नासिर ते शांतपणे नोंदवून पुढे जातो. आपण तसं पुढे जाऊ शकत नाही. फुकट दळणाचा हिशेब तिथंच पुरा होतो.

बसऱ्याचा हमामखाना

डिसेंबर १०५१मध्ये दोघं भाऊ बसऱ्याला पोचले. अंगावर फाटकं पंचासारखं फडकं आणि पाठीवर गोणपाटाचा तुकडा. तीन महिने केस कापलेले नाहीत. थंडी मरणाची. नासिरच्या मनात एकच इच्छा, हमामात शिरून ऊब घ्यावी, मळ काढावा. पुस्तकं ठेवायच्या लहानशा पिशव्या विकल्या. आलेले चार काळपट दिरहम कागदात गुंडाळून हमामवाल्यासमोर ठेवले, म्हणजे थोडा जास्त वेळ बसू देईल. त्यानं दोघांकडे पाहिलं आणि ठरवलं, हे वेडे आहेत. म्हणाला, चला निघा, आतले लोक बाहेर येतायत. दाराशी खेळणाऱ्या पोरांनीही वेडेच समजून दगड मारले आणि ओरडत पाठलाग केला. वर उंटवाला तीस दिनार भाड्यासाठी मागे लागलेला.

योगायोगानं अहवाजचा वजीर बसऱ्यात होता, विद्येची कदर असणारा. ओळखीच्या एका इराणी गृहस्थानं नासिरबद्दल त्याला सांगितलं. वजिरानं ताबडतोब बोलावणं धाडलं, पण त्या अवतारात जायची नासिरला लाज वाटली. त्यानं चिठ्ठी लिहिली. अंदाज असा, की चिठ्ठी वाचून आपली लायकी कळेल आणि पुढे समोर गेल्यावर खाली मान घालावी लागणार नाही. झालंही तसंच. वजिरानं कपड्यांसाठी तीस दिनार पाठवले, उंटवाल्याचं देणं मिटवलं, दिवस पालटले.

काही दिवसांनी चांगल्या कपड्यांत दोघं पुन्हा त्याच हमामात गेले. दारवान उठून उभा राहिला. आतले सगळे उभे राहिले, हे आत जाईपर्यंत कुणी बसलं नाही. अंग चोळणारे धावले. कोपऱ्यात एक नोकर दुसऱ्याला कुजबुजला, हे तेच, ज्यांना आपण हाकललं होतं. त्यांना वाटलं, यांना अरबी कळत नाही. नासिर अरबीतच म्हणाला, बरोबर आहे, पाठीवर गोणपाट होतं ते आम्हीच. तो माणूस शरमला, माफी मागू लागला. या दोन्ही भेटी वीस दिवसांच्या आतल्या. राजवाड्याचं वर्णन करणाऱ्याला आपली ही फजिती वगळता आली असती. त्यानं ती सगळ्यात बारकाईनं लिहिली.

ऑक्टोबर १०५२मध्ये बल्खला पोचला. दुसऱ्या एका भावाची पुन्हा भेट झाली, एकमेकांच्या जिवंत असण्याची आशा दोघांनीही सोडली होती.

कैदखाना म्हटलेलं राज्य

बल्खमध्ये नासिरनं इस्माइली विचारांचा प्रचार सुरू केला आणि शहर उलटलं. त्याच्यावर धर्मबुडवेपणाचा आरोप झाला, त्याला पळावं लागलं. शेवटी बदख्शानच्या डोंगरातल्या युमगान खोऱ्यात आसरा मिळाला, तिथला अमीर अली इब्न असद स्वतः इस्माइली होता. कवितेत नासिर युमगानला कधी तुरुंग म्हणतो, कधी आपलं राज्य. दोन्ही त्याच्या मनातलं.

आणि तिथूनच खरी निर्मिती झाली. त्या काळी तत्त्वज्ञान लिहायचं ते अरबीत, असा शिरस्ता. नासिरनं ते फारसीत लिहिलं. १०६१मध्ये ‘जाद अल-मुसाफिरीन’, प्रवाशांची शिदोरी. १०७०मध्ये ‘जामी अल-हिकमतैन’. एका जुन्या कसीद्यात ऐंशीहून अधिक अवघड प्रश्न विचारलेले होते, अमीरानं विनंती केली आणि नासिरनं ग्रीक तत्त्वज्ञान आणि धर्म दोन्हींच्या बाजूनं त्यांची उत्तरं दिली. कवितेत त्याचा राग दरबारी भाटांवर. सुलतान महमूदची स्तुती गाणाऱ्या उन्सुरीसारख्या कवींना त्यानं धारेवर धरलं. स्वतः त्यानं फातिमी इमामाची स्तुती मनापासून केली. बाजारातल्या दरानं कुणाचीच नाही. त्याच्या नावावर सांगितली जाणारी गरुडाची गोष्ट इराणात शाळकरी पोरांनाही ठाऊक असते: आकाशात मिजाशीत उडणाऱ्या गरुडाला बाण लागतो, आणि पडता पडता त्याला दिसतं, की बाणाला लावलेलं पीस आपलंच आहे.

मृत्यूचं साल पक्कं नाही, १०७० नंतर केव्हातरी. कबर युमगानमध्येच आहे आणि गंमत अशी, की ती सांभाळणारे स्थानिक लोक सुन्नी. त्यांच्या लेखी नासिर हा त्यांचा सय्यद, सूफी पीर. पामीरच्या दोन्ही बाजूंचे, ताजिकिस्तान, अफगाणिस्तान, हुंझा आणि चित्रालचे इस्माइली त्याला आपल्या पंथाचा आदिपुरुष मानतात. तिथं माणूस गेल्यावर ‘चिराग-रौशन’ नावाचा दिवा लावायचा विधी आहे आणि त्याची परंपरा ते नासिरपाशी नेतात.

मुंबईपर्यंत आलेला धागा

नासिरनं खेचरावर पाहिलेला तो पांढऱ्या सदऱ्यातला सुलतान, अल-मुस्तनसिर, १०९४मध्ये वारला. वारसा कुणाचा यावरून फूट पडली. थोरल्या निझारची बाजू घेणारे निझारी. त्यांच्यातलेच आपल्याकडचे आगा खानांना मानणारे खोजा. धाकट्या अल-मुस्तअलीच्या बाजूची एक शाखा येमेनमार्गे गुजरातेत पोचली, ते बोहरा. भेंडी बाजारातला बोहरा दुकानदार आणि डोंगरीतला खोजा व्यापारी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या या घटनेपाशी. नासिरचा गुरू अल-मुअय्यद बोहरांनाही तितकाच पूज्य. येमेनचा काझी लमक इब्न मलिक काहिरात राहून त्याच्याकडेच शिकला आणि ते ज्ञान घेऊन परतला.

पहिले आगा खान एकोणिसाव्या शतकात मुंबईत आले, त्यांची कबर माझगावच्या हसनाबादेत आहे. त्यानंतर पामीरच्या डोंगरातले नासिरचे अनुयायी आपली धार्मिक देणगी घेऊन हिमशिखरं ओलांडत मुंबईला यायला लागले. १९२३मध्ये उलट दिशेनं, मुंबईहून पीर सबझअली त्या डोंगरांत गेले.

पुस्तकाची वाटही भारतातून जाते. ‘सफरनामा’ १८८१मध्ये पॅरिसला शार्ल शेफेरच्या फ्रेंच भाषांतरासह छापला गेला आणि लगेच पुढच्या वर्षी दिल्लीत उर्दू कवी अल्ताफ हुसेन हाली यांनी नासिरच्या चरित्रासह तो प्रसिद्ध केला. रशियन अभ्यासक व्लादिमीर इवानोव यांनी मुंबईत राहून इस्माइली हस्तलिखितांवर आयुष्य वेचलं; नासिरवरचं त्यांचं छोटेखानी पुस्तक १९४८मध्ये मुंबईतूनच निघालं. इंग्रजीत वाचायचं असेल तर व्हीलर थॅक्स्टन यांचं १९८६चं भाषांतर आहे. मूळ पुस्तक शंभरेक पानांचंच. घाई असेल तर डिसेंबरच्या बाजारापासून सुरुवात करा. भाज्यांची यादी संपेपर्यंत तुम्ही फुस्तातमध्ये असाल.